विचारा की! : गर्दीत वाढलेला किडा

मृगाचा पाऊस लागला की या सदराकडे किड्यांचे प्रश्न यायला लागतात, हे दरवर्षीचंच आहे. यंदा मात्र सगळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एकापुढे एक ठेवून वाचले तेव्हा लक्षात आलं की हुक्केरीचे रेशीमवाले, शहापूरच्या अक्का, खानापूरची शाळकरी पोरगी आणि अथणीचे ऊसवाले हे सगळे वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारतायत. थोड्या जागेत फार किडे झाले की त्यांच्या अंगाचं नेमकं काय होतं? आपण समजतो खायला कमी पडतं, एवढंच. पण खाणं हा त्यातला एक भाग झाला, किडा शेजारच्याचा धक्का, घाण, वास, ऊब हे सगळं अंगावर घेत वाढतो आणि त्यावरून त्याचं शरीर घडतं, कधी आकार, कधी रंग, कधी चक्क पंख. म्हणून यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : मॅडम, आमची हुक्केरी तालुक्यात तुती आहे. यावेळी मी आणि माझ्या मेव्हण्याने एकाच ठिकाणाहून चॉकी, म्हणजे रेशमाच्या लहान अळ्या, आणली, तीच जात, तोच दिवस. त्याने 100 अंडीपुंजांची घेतली, मी 150 ची. शेड दोघांची सारखीच. पाला मी कमी पडू दिला नाही, रात्रीचा सुद्धा टाकला. तरी माझे कोष लहान निघाले, जोडकोष भरपूर, काही डागी. घेणारा म्हणाला अळीच कमजोर होती. एकाच लॉटची अळी त्याच्याकडे चांगली आणि माझ्याकडे कमजोर कशी काय?

अण्णा, अळी कमजोर नव्हती, जागा कमी पडली. जरा आकडे मांडूया म्हणजे तुमचं तुम्हालाच दिसेल. एका अंडीपुंजात 400 ते 500 अंडी असतात, म्हणजे मेव्हण्याच्या शेडमध्ये 40 ते 50 हजार अळ्या आणि तुमच्या शेडमध्ये 60 ते 75 हजार. त्याच जागेत वीस-पंचवीस हजार तोंडं जास्त. आता ह्यातली फसवणारी गोष्ट अशी की चॉकी आणली तेव्हा हे अजिबात दिसत नाही, अळ्या पसरलेला बेड मोकळा मोकळा वाटतो आणि माणूस म्हणतो बसतंय की सगळं. पण अंड्यातून निघालेली अळी पंचवीसेक दिवसांत वजनाने जवळपास 10,000 पट होते आणि आयुष्यभरात खायच्या पाल्यातला 80 टक्क्यांच्या वर पाला ती शेवटच्या, म्हणजे चौथ्या कातीनंतरच्या वयात खाते. सगळी गर्दी त्या एका आठवड्यात अंगावर येते आणि तेव्हा शेड वाढवता येत नाही.

पाला कमी पडू दिला नाही म्हणता ते खरंच असणार, पण टाकलेला पाला आणि पोटात गेलेला पाला यात फरक आहे. गर्दीच्या बेडवर अळ्या एकमेकींच्या पाठीवर चढतात, वरच्या खातात, खालच्या पाल्याखाली दबून राहतात, तो पाला तुडवून सुकतो, त्याच्यावर विष्ठा पडते, ती ओल धरते, खालून बेड गरम होतो आणि कुजका आंबूस वास येतो. तो वास आला म्हणजे ग्रासरी आणि फ्लॅचरी हे अळ्यांचे रोग दारात उभे आहेत असं समजायचं. शिवाय दबलेल्या अळ्या मागे राहतात, मग काहींची कात चालू असते आणि काहींची झालेली असते, पाला कोणाच्या वेळेला टाकायचा हाच प्रश्न पडतो. तुमच्या बेडवर एका वेळेला लहान-मोठ्या अळ्या दिसत होत्या का, आठवून बघा. दिसल्या असतील तर तिथेच उत्तर मिळालं.

कोष लहान का, तर रेशीम जिथे तयार होतं ती अंगातली ग्रंथी मुख्यतः ह्याच शेवटच्या वयात फुगते. बाकीचे वीस दिवस तुम्ही सोन्यासारखे सांभाळले आणि हा एक आठवडा दाटीत गेला तर कोषाचं कवच पातळच होणार.

आता जोडकोष. ते बेडवर होत नाहीत, चंद्रिकेवर होतात, म्हणजे कोष करायला अळ्या ठेवतो त्या चौकटीवर. पिकलेली अळी कोपरा शोधते, डोकं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवत धागा सोडते, आणि त्याच कोपऱ्यात दुसरी अळी शिरली की दोघी मिळून एकच कोष विणतात. दोन धागे एकमेकांत असे गुंततात की तो कोष नेहमीच्या रीलिंगला चालत नाही, त्याचं जाडंभरडं डुपियन सूत निघतं आणि भाव कमी मिळतो. चंद्रिकेवर एका चौरस फुटाला 40 ते 50 अळ्या, ह्याच्या वर जायचं नाही. आपली सहा बाय चारची चंद्रिका म्हणजे 24 चौरस फूट, म्हणजे हजार-अकराशे अळ्या. तुमच्या 60 हजार अळ्यांना निदान 55-60 चंद्रिका पाहिजे होत्या. होत्या का तेवढ्या? डागी कोषांचंही तेच कारण, कोष करायच्या आधी अळी शेवटचं मूत सोडते, दाटी असली आणि हवा खेळत नसली की ते खालच्या कोषांवर पडतं आणि वाळत नाही.

पुढच्या वेळी अंडीपुंज किती घ्यायचे हे तुतीवर ठरवू नका, शेवटच्या आठवड्यातल्या रॅकच्या चौरस फुटांवर आणि हातातल्या चंद्रिकांवर ठरवा. आणि बेड रोज कडेने थोडा थोडा पसरत न्या, एकदम नाही. मी स्वतः साधी परीक्षा करते, दोन अळ्यांच्या मधे तिसरी एक आरामात बसेल एवढी फट दिसली पाहिजे. 100 च्या बॅचमधून चांगला शेतकरी 60-70 किलो कोष काढतो, 150 दाटून त्यापेक्षा कमी भावाचे काढण्यात काय मिळवलं?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात नववीत आहे. फणस कापला की छोट्या छोट्या माश्या येतात. आई म्हणते ती मोठ्या माशीची पिल्लं. खरं आहे का? आणि मला विज्ञान प्रदर्शनासाठी किड्यांवर काहीतरी करायचं आहे, खर्च नको.

बाळ, तुझ्या आईलाच नाही, खूप जणांना असं वाटतं. पण माशीचं पिल्लू माशीसारखं दिसत नाही, ते अळीसारखं दिसतं. किड्याचं कवच बाहेरून असतं, अळी असताना ते टाकून टाकून ती मोठी होते, आणि पंख फुटलेली माशी एकदा बाहेर आली की तिची वाढ संपली. जेवढी निघाली तेवढीच मरेपर्यंत राहते. फणसावरची ती चिलटं ही वेगळीच जात आहे, फळमाशी, घरमाशीशी तिचा संबंध नाही. मात्र एकाच जातीत सुद्धा बारकी माशी आणि ठसठशीत माशी असं तुला दिसेल, आणि तो फरक वयाचा नसतो, ती अळी असताना किती गर्दीत वाढली त्याचा असतो.

तो कसा, ते ऐक. अळीच्या अंगात एक ठरलेलं वजन असतं, शास्त्रज्ञ त्याला क्रिटिकल वेट म्हणतात. त्या वजनाच्या आधी खाणं तुटलं तर अळी अडकून राहते किंवा मरते. त्या वजनाला एकदा पोचली की मग खाणं तुटलं तरी तिच्या अंगातली हार्मोन्स पुढचं काम सुरू करतात आणि ती कोषात जाते. मोकळ्या जागेतली अळी त्या वजनाच्या खूप पुढे जाऊन, खाऊन-पिऊन कोष करते. गर्दीतली अळी तिथे उशिरा पोचते, कशीबशी पोचते, आणि तशीच बारकी कोषात जाते. त्यात ह्या अळ्या ज्यात राहतात तेच खातात आणि त्यातच घाण करतात, त्यामुळे दाटी झाली की त्या फळात अमोनिया आणि युरिक आम्ल साठत जातं, म्हणजे उपासमार आणि विष दोन्ही एकदम.

प्रदर्शनाला हेच कर. जॅमच्या दोन सारख्या बाटल्या घे, दोन्हीत पिकलं केळं कुस्करून दोन-दोन चमचे घाल, मोजून, कमी-जास्त नको. दोन्ही बाटल्या फणसाजवळ ठेव, एक अर्धा तास उघडी, दुसरी दिवसभर. मग चिलटं उडवून लाव आणि तोंडाला मलमलचं कापड बांध. दहा-बारा दिवसांत नवीन माश्या निघायला लागतील. रोज किती निघाल्या ते वहीत लिही. गर्दीच्या बाटलीतल्या उशिरा निघतील आणि बरेच दिवस थोड्या थोड्या निघत राहतील. बाटली फ्रीजरमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवली की माश्या गप्प होतात, तेवढ्यात पांढऱ्या कागदावर ओतून आलेखाच्या कागदाशेजारी मोजायच्या. एक काळजी मात्र घे, मादी नरापेक्षा मुळातच मोठी असते, नराच्या पोटाचं टोक काळं असतं, तेव्हा नराची तुलना नराशी आणि मादीची मादीशी कर. माझ्या विद्यार्थ्यांनी ह्यात हमखास चूक केलेली आहे, आणि परीक्षकाने पहिलं तेच विचारलेलं आहे.

आणि हे पोरांचं काम आहे असं कोणी म्हणालं तर सांग की बेंगळुरूला जक्कूरमध्ये जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे, तिथे अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांना पिढ्यानपिढ्या गर्दीत वाढवून त्या कशा बदलतात हे वर्षानुवर्षं बघितलं गेलंय. आधीच्या काही प्रयोगांत गर्दीत वाढलेल्या पिढ्यांच्या अळ्या जास्त भराभर खाणाऱ्या झालेल्या दिसल्या होत्या, आणि घाणीचा त्रास त्यांना कमी व्हायचा. जक्कूरच्या काही माश्यांमध्ये मात्र खाण्याचा वेग न वाढता लवकर उरकणं आणि कमी वजनावर कोष करणं वाढलं. गर्दी तीच, पण तिच्यातून निघायच्या वाटा वेगळ्या, आणि ती वाट बाटलीत खाणं किती खोल भरलंय त्यावर सुद्धा बदलते. तुला आवडला विषय तर पुढे कर, मी मनापासून सांगते.

प्रश्न : बाई, मी शहापुरातून लिहितेय. चवळीच्या डब्यात भुंगे झाले. पहिल्यांदा बघितले तेव्हा संथ होते, चालत होते. कामाच्या गडबडीत डबा तसाच राहिला, महिन्याने उघडला तर भर्रकन तोंडावर उडाले. ही दुसरी जात आली का? चवळीच्या एकेका दाण्याला दोन-तीन भोकं आहेत आणि मुगाला एकच, ते का? आणि मागे राहिलेल्या मैद्याला गुलाबट रंग आणि उग्र वास कसला?

अक्का, तुमची नजर चांगली आहे, हे फार कमी जण बघतात. जात तीच, दुसरी नाही. चवळीतल्या ह्या भुंगेऱ्याची दोन रूपं असतात. डब्यात थोडे असले तर जी पिढी निघते ती संथ, उडायला नाखूश, निघाल्या निघाल्या अंडी घालायला लागणारी. पण दाण्यात अळ्यांची दाटी झाली की दाणे आतून गरम होतात, ओल वाढते, आणि मग त्याच आईबापांची जी पोरं निघतात त्यातली बरीच उडणारी असतात, अंगात चरबी जास्त, अंडी उशिरा आणि थोडी, पण जगतात जास्त दिवस. जपानच्या उतिदा यांनी 1950 च्या दशकात हे नीट दाखवलं. विचार करा, डब्यातलं खाणं संपत आलंय, आता इथे अंडी घालून उपयोग नाही, शेतापर्यंत उडत गेलं पाहिजे, आणि ही तयारी अळी असतानाच अंगात झालेली असते. माझ्या हातात पहिल्यांदा असा डबा आला तेव्हा मी भिंग घेऊन खिडकीत तासभर बसले होते.

दाणा तुम्ही पण भिंगातून बघा. वर पांढरा ठिपका चिकटलेला असतो, खसखशीएवढा सुद्धा नाही, ते अंडं. अळी त्याच्या खालूनच दाण्यात शिरते, बाहेर तोंड काढत नाही, आतलं खाते, कोष आतच करते, आणि निघायच्या आधी दाण्याच्या सालीखाली गोल खिडकी करून ठेवते, ती आपल्याला काळसर चकतीसारखी दिसते. मग ती चकती ढकलून भुंगेरा बाहेर. मुगाचा दाणा लहान, त्यात एकाचंच पोट भरतं. दक्षिण भारतात मुगावर वाढणाऱ्या भुंगेऱ्यांवर जे प्रयोग झाले त्यात एका दाण्यात दोन-तीन अळ्या शिरल्या तरी बहुतेक वेळा एकच बाहेर आली, बाकीच्या आत मेल्या. चवळी मोठी, तिच्यात दोघं-तिघं निभावतात, पण बारके निघतात. आणि मादीला हे कळतं, बरं का. ती दाण्यावर फिरून आधीचं अंडं आहे का बघते आणि मोकळा दाणा असेल तर तिथेच घालते, म्हणून थोडी कीड असताना प्रत्येक दाण्यावर एकेकच ठिपका दिसतो आणि एकाच दाण्यावर चार-पाच ठिपके दिसायला लागले म्हणजे मोकळे दाणे संपले. तो डबा मग निवडत बसू नका. चांगला असलेला माल कडक उन्हात पसरून वाळवा, गार करून भरा, आणि आपल्या आज्या एरंडेल चोळून ठेवायच्या ते अगदी योग्य होतं, तेलाच्या थराने अंडी जगत नाहीत.

मैद्याचं वेगळं आहे, तो तांबडा पीठकिडा. त्याच्या अंगातून क्विनोन नावाचं उग्र द्रव्य सुटतं, किडे वाढले की ते पिठात भरतं आणि पीठ गुलाबट होतं, वास मारतं. असं पीठ खुद्द त्या किड्यांना सुद्धा बाधतं, शिकागोच्या थॉमस पार्क यांनी ह्यावर पुष्कळ काम केलं, वापरलेल्या पिठात माद्या अंडी कमी घालतात आणि अळ्यांची वाढ मंदावते. शिवाय दाटी झाली की हे किडे स्वतःचीच अंडी आणि कोष खातात. पण म्हणून आपोआप संपतील असं धरू नका. ते पीठ चाळून वापरायचा विचार तर अजिबात नको, टाकून द्या.

प्रश्न : अथणी भागात उसावर मावा दिसतोय. सुरुवातीला पंख नव्हते, आता पंखवाले दिसतात.

माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं घालते, त्यामुळे पानावर बघता बघता दाटी होते. दाटीत एकमेकींचे धक्के लागले, पानातला रस उतरला, की तिच्या पोटातल्या पिल्लांना पुढे पंख फुटायचं ठरतं. म्हणजे पंखवाले दिसले की ती वसाहत भरली आणि आता वाऱ्याबरोबर शेजारच्या फडात जाणार, तेव्हा फक्त स्वतःचा फड बघू नका. 2002 साली सांगलीकडे आणि मग आपल्या उत्तर कर्नाटकात लोकरी माव्याने काय केलं ते तुमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. तेव्हा शेवटी उपयोगाला आले ते डिफा, मायक्रोमस, एन्कार्सिया हे माव्याला मारणारे मित्रकिडेच. पानामागे माव्यात फिरणाऱ्या अळ्या दिसल्या तर फवारा घेऊ नका, आधी सरकारच्या रैत संपर्क केंद्रात दाखवा.

प्रश्न : चिकोडीजवळ मका आहे. पानावर अंड्यांचा पुंजका सापडला, शंभर तरी अंडी असतील, पण पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उघडून बघितला तर प्रत्येकात एकच लष्करी अळी. बाकीच्या गेल्या कुठे? एकच आहे म्हणजे फार नुकसान नाही असं समजू का?

नाही दादा, असं समजू नका. ही नवी लष्करी अळी, जिच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात, कानडीत सैनिक हुळू म्हणतात ती, भारतात पहिल्यांदा 2018 मध्ये आपल्याच राज्यात शिवमोग्ग्याकडे सापडली. पुंजक्यात 100-200 अंडी असतात. फुटल्यावर बारक्या अळ्या काही वेळ एकत्र पान खरवडतात, मग धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर आजूबाजूच्या झाडांवर जातात. म्हणजे बाकीच्यांपैकी काही शेजारच्या ओळीत आहेत. आणि काही खाल्ल्या गेल्या. मोठी झालेली अळी पोंग्यात दुसरीला राहू देत नाही, समोर आली की तिला खाते, आणि दाटी जितकी जास्त, खाणं जितकं कमी, तितकं हे जास्त. तुम्हाला पोंग्यात एक दिसते ती त्या भांडणात टिकलेली, धडधाकट अळी आहे.

म्हणून मोजायचं ते अळ्या नाही, झाडं मोजा. शेतात पाच ठिकाणी उभं राहून वीस-वीस झाडं बघा, किती झाडांच्या पोंग्यात ताजी विष्ठा आणि भोकं आहेत ते लिहा. आणि जे करायचं ते अळी लहान असताना करा, पांढऱ्या खरवडलेल्या खिडक्या दिसतात तेव्हा. एकदा ती मोठी होऊन पोंग्यात विष्ठेचं बूच मारून बसली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. पुंजके हाताने चिरडायला बायकापोरांना सांगितलं तर एका पुंजक्यामागे शंभर अळ्यांचा त्रास वाचतो, ह्याच्याइतकं स्वस्त काही नाही.

जुनी लष्करी अळी, ज्वारीवरची, तिची गोष्ट उलटी आहे. ती दाटीत वाढली की काळपट होते आणि झुंडीने चालायला लागते. आफ्रिकेतल्या तिच्या एका भावकीत असं दिसलंय की दाटीतल्या काळ्या अळ्या विषाणूच्या रोगाला जास्त तोंड देतात, गर्दी म्हणजे रोगाची भीती, तर अंगाने आधीच बंदोबस्त केलेला. बांधावर एकदम काळ्या अळ्या दिसल्या तर त्या एकट्या नाहीत एवढं ओळखा.

प्रश्न : 2020 मध्ये विदर्भापर्यंत टोळधाड आली तेव्हा टीव्हीवर बघितलं. आमच्या निपाणीच्या माळावरचे नाकतोडे पण असे झुंडीने उठतील का? नाकतोडा आणि टोळ एकच का?

तुमच्या माळावरच्या नाकतोड्यांची काळजी करू नका, सगळ्याच नाकतोड्यांना ही विद्या नाही. टोळ म्हणजे नाकतोड्यांमधल्या अशा थोड्या जाती, ज्या दाटी झाली की रूपच बदलतात. वाळवंटी टोळाचं पिल्लू एकटं वाढलं तर हिरवट, लाजरं, दुसरा दिसला की दूर जाणारं. तेच गर्दीत वाढलं तर पिवळं-काळं, आणि दुसऱ्याच्या मागे मागे जाणारं. हे दोन वेगळे किडे आहेत असंच पूर्वी धरून चालायचे, 1921 मध्ये बोरिस उवारोव यांनी अशाच दुसऱ्या एका जातीच्या टोळावरून मांडलं की एकाच टोळाची ही दोन रूपं आहेत.

आणि बदल सुरू कुठून होतो माहिती आहे? मागच्या पायाच्या मांडीपासून. तिथे दुसऱ्या टोळांचे सारखे धक्के लागत राहिले, नुसते ब्रशने गुदगुल्या केल्या तरी, दोन-चार तासांत त्याचं वागणं बदलतं. 2009 मध्ये कळलं की त्यावेळी त्याच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन वाढलेलं असतं, माणसाच्या मेंदूत असतं तेच रसायन. वागणं तासांत बदलतं, रंग पुढच्या कातींमध्ये बदलतो, आणि आई गर्दीतली असेल तर अंड्यांमधूनच पिल्लांना ते मिळतं, म्हणून झुंड पिढीमागे पिढी घट्ट होत जाते. पाऊस झाला, वाळवंटात गवत आलं, टोळ वाढले, मग गवत सुकून तुकड्या-तुकड्यांत उरलं की सगळे त्याच तुकड्यांवर जमतात आणि धक्के लागायला लागतात. आपल्याकडच्या माळावर पाऊस, झाडी, पक्षी, सगळंच वेगळं आहे.

प्रश्न : वडगावात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंप भरून ठेवावं लागतं. त्यात डासांच्या अळ्या झाल्या. वरच्या वर गाळणीने काढतो, तरी चार दिवसांनी निघणारे डास आधीपेक्षा मोठे वाटतात. भास आहे का?

भास नाही. पिंपात अळ्या ठासून भरल्या होत्या तेव्हा त्यांना खाणं कमी होतं, वाढ रेंगाळत होती, बऱ्याच मरत होत्या आणि निघणारे डास बारके होते. तुम्ही अर्ध्या काढल्या, उरलेल्यांना जागा आणि खाणं मिळालं, त्या भराभर वाढल्या आणि धडधाकट डास झाले. अर्धवट काढलं की कधी कधी निघणाऱ्या डासांची संख्या सुद्धा घटत नाही. म्हणजे काढायच्या तर सगळ्या.

आठवड्यातून एक दिवस ठरवा, नळाला पाणी येतं त्याच्या आदल्या संध्याकाळी. उरलेलं पाणी झाडांना घाला, आणि पिंप आतून काथ्याने घासा, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या जरा वर. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही, ओल्या भिंतीला चिकटवतो, काळी, बारीक, हाताला कणीसारखी लागतात, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पिंप पुन्हा भरलं तर त्याच अंड्यांवर पाणी चढतं आणि ती फुटतात. घासून, पालथं घालून, एक ऊन दाखवून मग भरा, आणि वर जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा दोरीने आवळून बांधा.